मंडळीची यादी, गावाची यादी

किल्लारीच्या भूकंपानंतर उमरगा-औशाच्या पट्ट्यात मालाला तोटा नव्हता. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या. तांदूळ, बिस्किटं, तंबूचं कापड, सोलापुरी चादरींच्या गाठी आणि कुठल्याशा थंड देशातून आलेले लोकरीचे लांब कोट. गाडं अडायचं ते यादीपाशी. कुणाला द्यायचं, कुणाच्या सांगण्यावरून द्यायचं, खाली सही कुणाची? सोलापुरात सात रस्त्याजवळ राहणारे एक गृहस्थ तेव्हा चर्चशी नातं असलेल्या एका मदतसंस्थेचं गोडाऊन सांभाळत होते. पुढची नोकरीही त्यांनी याच क्षेत्रात केली. "नाव छापू नका," म्हणाले. चर्चच्या मंडळीत लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणतात, तेव्हा इथंही भाऊच.

भाऊ बी.कॉम. वडील गिरणीत. घराणं मिशनच्या शाळेत शिकलेलं, रविवारी उपासनेला जाणारं. संस्थेत घेतलं ते हिशेब येतो म्हणून. पण त्यांच्या मते त्यांचं खरं शिक्षण उमरग्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये झालं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा गावं गणपती बोळवून नुकतीच झोपली होती. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. ती घरं झोपलेल्या माणसांवरच बसली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, काही अंदाज त्याहून वरचे आहेत. ५२ गावं जागेवरून उठवून दुसरीकडे वसवावी लागली. जखमींना सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात आणलं जात होतं, आणि शहरातल्या प्रत्येक मंडळाला, पतपेढीला, मठाला, चर्चला आपण काहीतरी केलंच पाहिजे असं वाटत होतं. वाटणं खरंच होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मात्र प्रत्येकाची यादी निराळी निघू लागली.

त्या शेडमध्ये एक तलाठी, एक शिक्षक, माजी सरपंच आणि तालुक्याच्या मंडळीचे पाळकसाहेब असे बसले होते. पाळकसाहेबांची यादी सगळ्यांत सुबक. आखीव कागद, सुवाच्य अक्षर, कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, मेलेले किती, जखमी किती. आणि शेवटचा रकाना: बाप्तिस्मा झालेले किती. भाऊंनी सलाम केला, कागद हातात घेतला आणि म्हणाले, "साहेब, हा रकाना काढू या."

पाळकसाहेब तापले. "आमच्या लोकांना देणार कोण मग? सरपंचाच्या यादीत आमची वस्ती कधी पहिल्या पानावर आली आहे का, सांगा की."

हा प्रश्न टोलवता येण्यासारखा नव्हता. ट्रक थांबायचा तो चावडीपाशी, नाहीतर मारुतीच्या देवळापाशी. माल उतरायचा तिथं आणि संपायचाही तिथंच. गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत पोचायचे ते रिकामे खोके. पाळकसाहेबांची मंडळी बहुतेक त्याच वस्तीतली होती. ते आपल्या माणसांसाठी भांडत होते आणि ती माणसं खरोखरच मागं पडत होती. मदतकार्यावरच्या पुस्तकांत निःपक्षपाताचं तत्त्व फार सोपं करून सांगितलेलं असतं. ज्या गावात वाटपाची वाटच वाकडी आहे, तिथं "सर्वांना सारखं" म्हटलं की माल पुन्हा चावडीवरच उतरतो.

तोड निघाली ती अशी: वाटप वस्तीच्या टोकापासून सुरू करायचं, पण घराला घर लावून. मधे मुसलमानाचं घर आलं तर त्याला, लिंगायताचं आलं तर त्याला, विधवेचं आलं तर तिला आधी. रकाना गेला. पाळकसाहेबांनी सही केली, शिक्षकांनी केली, शेवटी माजी सरपंचांनीही केली.

रकाना जाण्याचं आणखी एक कारण होतं आणि ते शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मोठ्यानं कुणी बोललं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती धर्माशी बांधलेल्या आहेत. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं गेलं. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. त्यामुळे मराठवाड्यात असं घर सहज सापडतं की रविवारी उपासनेत पुढच्या सतरंजीवर, आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू मांग'. पोराची फी माफी त्या एका शब्दावर उभी. अशा घराचा बाप्तिस्मा परदेशी पैशाच्या यादीत नोंदवायचा म्हणजे पाच किलो तांदळासाठी त्याची शिष्यवृत्ती पणाला लावायची. भाऊ म्हणतात, "हेडऑफिसला हे पत्रात कसं लिहिणार? 'लाभार्थ्यांचा धर्म नोंदवलेला नाही' एवढंच लिहिलं. त्यांनी 'उत्तम' असा शेरा मारला."

कोटांचं काय झालं? ऑक्टोबरच्या उन्हात कोट घालणार कोण! बायकांनी ते उसवले, आतलं अस्तर वेगळं काढलं, लोकर जुन्या लुगड्यांच्या घडीत घातली आणि वाकळी शिवल्या. स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र ते शेवटपर्यंत 'ओव्हरकोट, पुरुष' असेच राहिले.

पुढं घरबांधणीचा काळ आला. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम घेतला, काही गावं संस्थांनी बांधायला घेतली. त्यांत चर्चशी संबंधित संस्थाही होत्या. 'चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल ॲक्शन', म्हणजे 'कासा', ही त्यांतली ठळक. १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झालेलं हे काम. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स अशा चोवीस चर्चसंघांची ही सामाईक संस्था, लुथरनही त्यात. सरकारी नियमानं घराचा आकार जमिनीवर ठरला: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीनाला सगळ्यांत लहान घर. म्हणजे ज्या वस्तीसाठी पाळकसाहेब भांडले होते तिला नव्या गावातही कोपऱ्यातलं, छोटं घर मिळालं आणि या वेळी यादी कुणा सरपंचाची नव्हती. यावर चर्चच्या लोकांनी आवाज उठवायला हवा होता की संस्थेच्या? भाऊंचं मत स्पष्ट आहे: संस्थेला करारावर सही करायची असते, म्हणून ती गप्प बसते, मंडळीला कुणाशी करार नसतो, तिनं बोलायचं.

भूकंपाला वर्ष होत आलं तेव्हा रेडक्रॉस आणि इतर मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून मदतकार्याची एक आचारसंहिता काढली. साल १९९४, कलमं दहा. दुसरं कलम सांगतं की मदत वंश, पंथ, राष्ट्रीयत्व न पाहता केवळ गरजेवर द्यावी. तिसरं सांगतं की मदतीचा वापर राजकीय किंवा धार्मिक मत पुढं रेटायला करू नये. संहिता पुढं आणणाऱ्या आठ संघटनांत 'लुथरन वर्ल्ड फेडरेशन' होती, 'वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस' होती, कॅथलिकांची 'कॅरितास'ही होती. भाऊंच्या हातात तिची झेरॉक्स एका प्रशिक्षणात पडली. आपलं पत्र्याच्या शेडमधलं भांडण कुणीतरी नंबर टाकून छापलंय, असं त्यांना वाटलं.

सोलापुरात 'लुथरन' म्हटलं की लोक डोकं खाजवतात. इथं मिशनचं काम केलं ते 'अमेरिकन मराठी मिशन'नं. ते काँग्रिगेशनल पंथाचं. १९७० मध्ये नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं, त्यात ही परंपरा विलीन झाली. लुथरन त्या एकीकरणात आले नाहीत. त्यांची चर्चं तमिळनाडूत, आंध्रात, झारखंडात, कोरापूटच्या डोंगरात, आसामात. सगळ्यांचा मिळून एक संघ, कार्यालय चेन्नईला. सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर तेलुगू बोलतात, पण तेलुगू लुथरनांचं मोठं माहेर गुंटूरकडं.

तरीही भाऊंना लुथरनांच्या कामाचं कुतूहल लागलं, कारण 'आपली यादी' की 'सगळ्यांची यादी' हा पेच त्यांनी फार मोठ्या प्रमाणावर सोडवला होता. १९४७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथं फेडरेशन स्थापन झालं तेव्हा दुसऱ्या महायुद्धानं जगातल्या दर सहा लुथरनांपैकी एक निर्वासित झाला होता, असं ती संघटना स्वतः सांगते. म्हणजे सुरुवात आपल्याच माणसांपासून. याला कुणी नावं ठेवू नयेत. घर जळालं की माणूस आधी आपली पोरं मोजतो. पण पुढच्या पंचवीस वर्षांत हे काम कुठं जाऊन पोचलं, ते पाहण्यासारखं आहे.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून कोटीच्या घरात माणसं भारतात आली. उत्तर बंगालच्या कूचबिहारमध्ये 'कूचबिहार रेफ्युजी सर्व्हिस' उभी राहिली. संथाळांमध्ये काम केलेले नॉर्वेजियन मिशनरी ओलाव होडने यांनी ती चालवली आणि मागं पैसा-माणसं लुथरन फेडरेशनची. छावणीतले लोक बंगाली हिंदू आणि मुसलमान. 'आपली माणसं' शोधून काढायची म्हटली असती तर यादी अर्ध्या पानात संपली असती.

इथून पुढची हकिकत भाऊ रंगून सांगतात. बांगलादेश झाला, निर्वासित परतले आणि त्यांच्यामागून कामही सीमेपलीकडं गेलं. तिकडं १९७२ मध्ये 'रंगपूर दिनाजपूर रिहॅबिलिटेशन सर्व्हिस' सुरू झाली. अलीकडं, भारतात, १९७४ पासून 'लुथरन वर्ल्ड सर्व्हिस इंडिया' म्हणून काम चालू राहिलं, मुख्यालय कोलकात्याला. एकाच मुळाची दोन झाडं. बांगलादेशातलं झाड १९९७ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संस्था झालं. फेडरेशनशी मैत्री राहिली, मालकी राहिली नाही. भारतातल्या कामाचा २००८ मध्ये ट्रस्ट झाला, नावात लुथरन शब्द कायम राहिला.

यातलं कुठलं बरोबर? भाऊ दोन्ही बाजूंनी बोलतात आणि तेच त्यांच्याशी गप्पा मारण्याचं सुख आहे. चर्चपासून सुटलेली संस्था चपळ होते, तज्ज्ञ माणसं घेते, मुसलमानबहुल गावात तिला दार उघडतं. पण प्रकल्प संपला की ती कार्यालय बंद करून निघते. मंडळी कुठं जात नाही. रांचीच्या गोस्नर चर्चचं उदाहरण ते देतात. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं जर्मन मिशनऱ्यांना आधी स्थानबद्ध केलं आणि मग देशाबाहेर काढलं. पैसा आटला, साहेब गेले. १० जुलै १९१९ रोजी तिथल्या आदिवासी ख्रिस्ती लोकांनी चर्च स्वायत्त झाल्याचं जाहीर केलं. भाऊ विचारतात, "देणगीदार गेल्यावर चालू राहिलेली एनजीओ दाखवा की मला. एखादी असेल. पण शोधावी लागेल."

ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर भाऊ काही काळ ओडिशाच्या किनाऱ्यावर होते. लुथरन संस्था त्या भागात काम करत होती. मजा अशी की ओडिशातलं लुथरन चर्च आहे जयपूर-कोरापूटच्या डोंगराळ मुलखात, समुद्रापासून दूर. किनाऱ्यावर त्याची मंडळी नावापुरती. तिथं काम करायचं कारण वादळ हेच. त्याच वर्षीच्या जानेवारीत केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारलं होतं. गाडीच्या दारावर चर्चशी नातं सांगणारं नाव ठेवायचं की झाकायचं, यावर मुक्कामाच्या ठिकाणी रात्री वाद व्हायचा. ड्रायव्हर म्हणायचे, झाका. एका वयस्कर सहकाऱ्याचं म्हणणं वेगळं होतं: नाव झाकलं तर लोक विचारतील, लपवताय काय? शेवटी नाव राहिलं आणि वाटपाच्या ठिकाणी प्रार्थना, पत्रकं, गाणी यांना सक्त मनाई झाली. एका उत्साही स्वयंसेवकानं तांदळाच्या पोत्यात पत्रकं सरकवली होती, ती भाऊंनी स्वतः उपसून काढली. तो रुसून परत गेला.

या सगळ्यात सोलापूरला दाखवण्यासारखं स्वतःचं एक जुनं उदाहरण आहे आणि ते फारसं सुखावह नाही. १९०० च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या नियतकालिकानं वर्गणी गोळा केली; 'क्विटो' नावाच्या जहाजातून दोन लाख बुशेल मका मुंबईला उतरला. मराठी मुलखातल्या मिशनांनी दुष्काळातली अनाथ पोरं सांभाळली, त्यांत सोलापूरही होतं. इथपर्यंत ठीक. पुढं मात्र सरकारनं मिशनच्या हाती वेगळंच काम दिलं. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी सोलापुरात वसाहत उभी राहिली आणि तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे आला. आत शाळा होती, दवाखान्याची सोय होती, गिरणीत काम मिळत होतं. भोवती तारेचं कुंपणही होतं. हजेरी होती. पासाशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. पाटी-पुस्तक देणारा आणि हजेरी घेणारा एकच. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता शहरात अजून लिहिला जातो.

भाऊंच्या लहानपणी घरात मिशनच्या साहेबांबद्दल फक्त चांगलं बोललं जाई. सेटलमेंटमधल्या एका वर्गमित्राच्या घरी गेल्यावर त्यांना आज्यांच्या तोंडून दुसरी बाजू ऐकायला मिळाली: बाळंतपणासाठी माहेरी जायचं तरी पास. पुढं नोकरीत कुणी "सरकारनं दिलेल्या यादीप्रमाणे वाटा" म्हटलं की भाऊंना ती आजी आठवायची. आचारसंहितेचं चौथं कलम सांगतं की मदतसंस्थेनं सरकारांच्या परराष्ट्र धोरणाचं हत्यार होऊ नये. कुठल्याही सरकारचं धोरण राबवण्याच्या मागं लागू नये, असंही त्याच्या स्पष्टीकरणात आहे.

अलीकडं चर्च आणि संस्था यांचं नातं धर्मशास्त्रापेक्षा कायद्यानं जास्त ठरतं. परदेशी निधीचा कायदा १९७६ चा, नवा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीनं एका संस्थेनं मिळालेला परदेशी पैसा दुसरीला देणं बंद केलं, प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि सगळ्यांची मूळ खाती दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एका शाखेत नेली. चर्चच्या मदतकार्याची सगळी रचनाच वरून खाली झिरपणारी होती: फेडरेशन, राष्ट्रीय संस्था, बिशपांचं कार्यालय, तालुक्याची मंडळी. ती साखळी मधेच तुटली. एप्रिल २०२४ मध्ये 'कासा'सह काही ख्रिस्ती आणि सामाजिक संस्थांचा परदेशी निधीचा परवाना रद्द झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा भाऊंना जुन्या सहकाऱ्यांचे फोन येत राहिले. पेन्शनची आणि पगाराची चौकशी जास्त, तत्त्वाची कमी. नोकरदार माणसांचं तसंच असतं.

आता उरली मंडळी आणि तिची स्वतःची दानपेटी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. मोहोळ, माढा, उत्तर आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत पाणी शिरलं, पिकं गेली, जनावरं गेली. भाऊंच्या मंडळीनं रविवारचं दान पूरग्रस्तांसाठी द्यायचं ठरवलं आणि तरुण पाळकांनी भाऊंना बोलावून घेतलं. भाऊंनी पहिल्याच बैठकीत तीन गोष्टी मागितल्या. पैसा मंडळीच्या खात्यात मिसळायचा नाही, वेगळं खातं, वेगळं पावतीपुस्तक. खर्च ऑडिटला दाखवायचा, धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबात यायला हवा. आणि गावातल्या यादीवर पाळकांची एकट्याची सही चालणार नाही. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकांची हवी, त्या कुठल्या का धर्माच्या असेनात.

कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, "पैसा आपला, मग सही बाहेरच्या बाईंची कशाला ओ?"

भाऊ म्हणाले, "त्यांना गावात उद्याही शिकवायचं आहे. खोटं नाव घातलं तर पालक त्यांनाच विचारणार."

ठराव झाला. किराण्याची किटं बांधली, टेम्पो गेला, मुख्याध्यापिकांनी दोन नावं खोडून तीन नवी घातली आणि सही केली. दोन घरांत माणसं पुण्याला राहायला गेलेली होती, हे मंडळीला कुठून कळणार होतं? राहिलेल्या पैशातून शाळेतल्या मुलांना वह्या द्यायच्या की एका शेतमजूर बाईला शेळी घेऊन द्यायची, यावर कमिटीत दोन तट पडले आहेत. टेम्पोला लावायच्या बॅनरवर चर्चचं नाव किती मोठं असावं, हा विषयही पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. भाऊंचं म्हणणं, पावतीवर असतं तेवढंच.